आजीच्या ओव्या कोणाच्या?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

केळशीहून तू फोनवर विचारलेला प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवत आहे. आजी पहाटे जात्यावर कुळीथ भरडताना जी ओवी म्हणते, तीच मामाने तुला साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या पुस्तकात छापलेली दाखवली. तेव्हा ओवी गुरुजींची असेल तर आजी तिला ‘माझ्या आईची ओवी’ असे का म्हणते, असे तू विचारलेस. येथे टोरोंटोत तुझ्या शाळेतील प्रत्येक कवितेखाली कवीचे नाव असते, म्हणून तुला हा पेच पडला असावा.

आजी म्हणते ते खरे आहे. गुरुजींनी ती ओवी रचलेली नाही. बायकांच्या तोंडी ज्या ओव्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या होत्या, त्या त्यांनी गोळा केल्या, मायलेकरे, भाऊबहीण, सासर, माहेर अशा विषयांप्रमाणे लावल्या आणि प्रत्येक विषयावर स्वतःचे विवेचन जोडले. हे काम करणाऱ्याला लोकसाहित्याचा संग्राहक म्हणतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी आपल्याच दापोली तालुक्यातील पालगड गावी झाला. पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक होते आणि 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, हे तुला मामाने सांगितलेच असेल. मला मात्र त्यांच्या धुळ्याच्या तुरुंगवासातील एक गोष्ट विशेष वाटते. 1932 साली त्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत आणि गुरुजी ते बोलणे उतरवून घेत. आज आपण ‘गीताप्रवचने’ म्हणून जे वाचतो ते गुरुजींच्या हातून कागदावर आले. विनोबाही कोकणातलेच, पेण तालुक्यातील गागोद्याचे. दुसऱ्याचे बोलणे आपले शब्द मध्ये न घुसवता लिहून घेणे फार कठीण असते, आणि ज्या माणसाने एका विद्वानाची प्रवचने इतक्या निष्ठेने टिपली, त्यानेच निरक्षर बायकांच्या ओव्याही तितक्याच आदराने टिपाव्यात, याचे मला फार मोल वाटते. त्यांची आई 1917 साली गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. ओव्यांच्या मागे लागण्याचे मूळ त्या दुःखात असावे असे मला वाटते, पण हा माझा तर्क आहे.

आता ओवी ‘कोणाची’ ते सांगते. दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना बसून एकच खुंटा धरतात, एक जण ओळ म्हणते आणि दुसरी ती उचलते. जात्याला घास घालण्यापुरता आवाज थांबतो आणि फेऱ्याबरोबर पुन्हा सुरू होतो. ओळीची लांबी त्या फेऱ्यात बसावी लागते. बाकी सगळे बाईच्या स्वाधीन असते. आजीच्या ओवीतला भाऊ मुंबईहून बोटीने येतो आणि हर्णैच्या बंदरात उतरतो, कारण तिच्या लहानपणी या किनाऱ्यावरचे चाकरमानी असेच येत असत. माझ्या घाटावरच्या जावेच्या तोंडी तोच भाऊ घोड्यावरून येतो. दोघींची चाल आणि मांडणी एक आहे, माहेर वेगळे आहे. ज्या बाईने आपल्या भावाला ओवीत बसवले तिची ती ओवी झाली, आणि म्हणून आजीच्या आईचीही ती खरोखरच होती.

संग्राहकाची खरी अडचण येथेच असते. परक्या माणसासमोर बाई गात नाही, आणि जाते फिरत नसेल तर पुष्कळदा तिला ओवी आठवतही नाही. इंग्रजी अमदानीत वेगळी रीत होती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे लोकसमजुती गोळा करत असत. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. कान्हेरे हे क्रांतिकारक मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. जॅक्सन यांच्या मागे राहिलेली ती सामग्री एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी संपादित केली आणि तिचा कोकणाविषयीचा भाग 1915 साली निघाला. त्यातील माहिती गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून मिळवलेली होती. भुते, देवचार, विहिरी, पाऊस, नजर लागणे असे पुष्कळ काही त्यात आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु तळटीपांत अमुक गावचे शाळामास्तर एवढेच येते, त्या मास्तरांना जिने सांगितले ती म्हातारी कोठेही नाही. मला ही उणीव मोठी वाटते.

पुढे दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठीत रुजवला आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे संग्रहामागून संग्रह काढले. ती म्हातारी मात्र मला सापडली हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन भारतातच राहिलेले गी पॉइतव्हाँ यांच्या कामात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही नोंदवले.

माझ्या पणजीच्या ओव्या कोणीही लिहिल्या नाहीत. मी तिच्या मांडीवर झोपत असे, तेव्हा मला लिहिता येत नव्हते. लिहिता येऊ लागले तेव्हा गिरणी आली होती आणि जाते माजघराच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते. याची बोच मला अजून आहे.

म्हणून सुट्टी संपेपर्यंत तू एक वही कर. आजीला नुसते ‘ओवी सांग’ म्हणू नकोस. तिच्यासमोर बस, खुंट्याला हात लाव, आणि दळण झाल्यावर लिही. तिने ‘व्हता’ म्हटले तर ‘होता’ असे सुधारू नकोस. एखादी ओळ अडली तर कोरी जागा सोड. दुसऱ्या दिवशी जाते फिरताना ती तिला आपोआप आठवेल. प्रत्येक ओवीखाली आजीचे पूर्ण नाव लिही, ती कोणाकडून शिकली ते लिही, आणि तिच्या आईचे माहेर कोणत्या गावचे हेही विचारून ठेव. मला ते आजवर ठाऊक नाही.

तुझी,
आई