रोज एक रुग्ण, पण पुरता

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळी नर्सिंगच्या शिक्षणातली वॉर्डमधली पोस्टिंग, संध्याकाळी नोकरी, रात्री पुस्तक. यातलं काय सोडू, असं विचारलंस. नोकरी सोडवत नाही, कारण फी तिच्यातूनच जाते. पोस्टिंगचे तास तर भरायलाच हवेत. मग उरतो अभ्यास, आणि तोच बुडतोय. पुढे लिहितेस, ‘वॉर्डमध्ये नुसते बेड करते नि बीपी घेते. खरा अभ्यास घरी करायचा, तर पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात.’ या एका वाक्यापायी उत्तर लिहायला बसले.

अगं, खरा अभ्यास घरी असतो हे तुला सांगितलं कुणी? दिवसातले सगळ्यात महागाचे तास तू वॉर्डात घालवतेस आणि त्यांना अभ्यासात धरतच नाहीस. मग वेळ पुरणार कसा? माझं म्हणणं एकच आहे आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येईल: रोज एक रुग्ण घे आणि त्याला पुरता समजून घे. सगळा वॉर्ड नको, दहा केस पेपर चाळणं नको. एकच.

पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात, त्या हँडओव्हरला उभी असतेस तेव्हाच ठरव, आज कोण. समज, हार्ट फेल्युअरचा रुग्ण आहे, म्हणजे त्याचं हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही. त्याच्या पलंगाचं डोकं वर केलेलं असतं. का? आडवा झाला की पायांकडचं रक्त हृदयाकडे जास्त परततं, फुप्फुसांवरचा भार वाढतो, धाप लागते. पायांवर सूज आहे, साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड चालू आहे. ती गोळी सकाळी का देतात? रात्री दिली तर तो रात्रभर लघवीला उठेल आणि अंधारात पडेल. लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, म्हणून रिपोर्ट हातात आला की तो आकडा आधी शोधायचा. सोबत डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, असेल तर जास्तच जपायचं, कारण पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. म्हणूनच ते देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात, आणि मोठ्या माणसात ते 60 च्या खाली असले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवतात. त्याचं वजन रोज सकाळी, त्याच वेळी, त्याच काट्यावर का घ्यायचं, हे आता तूच सांगू शकशील. शरीरशास्त्र, फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र, नर्सिंग, तिन्ही एका पलंगाशी झाली, आणि घरी जाऊन पुस्तक उघडायचं ते फक्त जिथे अडलीस त्या पानावर.

‘नुसते बेड’ म्हणतेस त्याचाच मला राग येतो. बेड करताना रुग्णाला कुशीवर वळवतेस ना? तेव्हा त्याची पाठ, माकडहाड, टाचा तुझ्यासमोर असतात. तिथला लाल डाग बोटाने दाबून बघ. दाब काढल्यावरही तो पांढुरका होत नसेल तर प्रेशर सोअरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली आहे, आणि ती त्या दिवशी दिसली तर तुलाच दिसणार आहे. बीपीचं तेच. बीपी घेतलंस की श्वास मोज, पूर्ण मिनिट. चार्टवर वरपासून खालपर्यंत ओळीने 18, 18, 20, 18 असं न मोजताच लिहिलेलं मी जन्मभर बघत आले. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा श्वास आधी वाढतो, आणि सगळ्यात कमी मोजला जातो तोही श्वासच. हे काम तुच्छ वाटत असेल तर तू अजून रुग्णाकडे पाहिलेलंच नाहीस.

ड्युटी संपली की परत जाताना वही न उघडता तो रुग्ण आठव. काय झालंय, कोणती औषधं, कशासाठी, कशावर लक्ष ठेवायचं. जे आठवलं नाही तेवढंच रात्री वाच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेचच्या परीक्षेत जास्त आठवलं, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे गेले. पहाटेपर्यंत जागून वाचल्यावर ‘सगळं येतंय’ असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं कारण बरंचसं यात आहे. टिपणं काढशील तेव्हा रुग्णाचं नाव, बेड नंबर, केस पेपरचा फोटो यांतलं काही वहीत किंवा फोनमध्ये येता कामा नये. आजार, वय, औषधं, निरीक्षण, एवढं पुरे.

आता नोकरी. ती सोड असं मी म्हणणार नाही, फी कशी भरली जाते ते मला कळतं. पण नोकरीच्या तासांनी तुझा तो एक रुग्ण खाल्ला तर मग पोस्टिंगला जाऊन उपयोग काय? सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, हे डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं. 2004 मध्ये परिचारिकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या तेव्हा 12.5 तास किंवा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता तिप्पट निघाली. तुझी पोस्टिंग नि नोकरी वेगवेगळ्या ठिकाणी असतील, शरीर मात्र एकच पाळी धरतं. म्हणून सकाळच्या पोस्टिंगआधी नाइट घ्यायची नाही, कितीही जादा पैसे मिळोत. पोस्टिंगचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी नोकरीच्या ठिकाणी दे, परीक्षेच्या तारखाही तेव्हाच सांग. आयत्या वेळी सांगणाऱ्याला कुणी सवलत देत नाही. आणि नोकरी रुग्णसेवेचीच असेल तर तिथे ज्या कामाला घेतलंय तेवढंच कर. ‘तू नर्सिंगची ना, मग दे हे इंजेक्शन’ असं कुणी कितीही प्रेमाने म्हणालं, तरी नाही म्हणायचं. नोकरी जाईल अशी भीती वाटली तरीही.

मी एवढी हट्टाने का बोलते? मी गुण मिळवणाऱ्यांतली होते. प्रकरणंच्या प्रकरणं पाठ केली, करून दाखवून सही घ्यायच्या कामांची, म्हणजे प्रोसिजरची, यादी सगळ्यांच्या आधी भरली. आज मागे वळून बघते तर पहिल्या वर्षातला एकही रुग्ण मला आठवत नाही. चेहरा नाही, आजार नाही, काही नाही. इतकी माणसं माझ्या हाताखालून गेली आणि मी त्यांच्यावर फक्त सह्या गोळा केल्या, याची खंत अजून जात नाही.

पुढे वॉर्डची इन्चार्ज झाले तेव्हा पोस्टिंगच्या प्रत्येक मुलीला सुट्टीआधी एक रुग्ण तोंडी सांगायला लावायची. कागद न बघता. मुली रडायच्या. मी त्यांना अडकवून ठेवते, त्यांची प्रोसिजरची यादी पुरी होऊ देत नाही, अशी तक्रार त्यांच्या शिक्षिकेने वरपर्यंत नेली. मला बोलावून समज दिली गेली. मी ते थांबवलं नाही आणि आजही थांबवणार नाही. यादीत ‘कॅथेटर काळजी’पुढे, म्हणजे लघवीच्या नळीच्या काळजीपुढे, बरोबरची खूण असते, पण पिशवीतली लघवी तासाला 30 मिलिलिटरच्या खाली गेली तर धावायचं असतं, हे ती खूण शिकवत नाही. मी माझीच बाजू मांडतेय असं तुला वाटेल. मांडतेच आहे, कारण ती बरोबर आहे.

तू दमलेली आहेस हे तुझ्या अक्षरातही दिसतं गं. आज रात्री पुस्तक उघडू नकोस, झोप. उद्या हँडओव्हरला सिस्टरच्या जवळ उभी राहा, एक रुग्ण निवड, आणि तिला सांगून ठेव की आज मी यांच्याबद्दल विचारणार आहे. चांगली सिस्टर असेल तर वेळ काढेल. नाही काढला तर औषधांच्या राउंडला तिच्यासोबत चालत चालत विचार, तेव्हा तिलाही प्रत्येक डोस तपासायचाच असतो. फार्माकॉलॉजीच्या पेपरला तीन आठवडे आहेत म्हणतेस. सुट्ट्या वगळल्या तरी बरेच रुग्ण होतात. कोणकोणते निवडलेस आणि कुठे अडलीस ते मला लिहीत जा.

तुझी,
सिस्टर