‘फक्त तुमचीच सही राहिली आहे’

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत एकाच पक्षाच्या चिन्हावर आम्ही अकरा जण निवडून आलो. मी पहिल्यांदाच, महिला राखीव जागेवरून. उपनगराध्यक्ष कुणाला करायचं यावरून आमचे जिल्हाध्यक्ष आणि माजी आमदार यांच्यात बिनसलं. माजी आमदारांच्या बाजूच्या सात जणांनी ‘आम्ही स्वतंत्र गट स्थापन करत आहोत’ असं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. आठ झाले की दोन तृतीयांश होतात, मग कोणी काही करू शकत नाही, असं ते सांगतात. मला त्यांच्याबरोबर सहलीला नेलं होतं, तिथे हॉटेलात कोऱ्या स्टँप पेपरवर सही घेतली. आता मागची तारीख टाकून तो कागद पत्राला जोडायचं चाललंय. गटनेतेही त्या सातांतलेच. त्यांचा व्हीप, म्हणजे मत कोणाला द्यायचं याचा पक्षादेश, व्हॉट्सॲपवर आला आहे, आणि जिल्हाध्यक्षांचा व्हीप घराच्या दाराला चिकटवला आहे. दोन्हींत उमेदवार वेगळे. सही पक्की केली तर गटाराचं काम यजमानांना देऊ म्हणतात. यजमान म्हणतात, कशाला भानगड, त्या दिवशी दवाखान्यात ॲडमिट हो. मी काय करू?
– एक नगरसेविका

उत्तर : ताई, दवाखान्याचा बेत आधी डोक्यातून काढा. तुम्हाला वाचवणारा म्हणून तो सुचवला आहे, पण सगळ्यात जास्त अडकवणारा तोच आहे.

आमदार-खासदारांच्या पक्षांतराला राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट लागू होतं. नगरसेवकांसाठी आपल्याकडे महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ आहे. दोन्हींचा साचा एकच, पण एका बाबतीत तुमचा कायदा जास्त कडक. आमदाराने व्हीप मोडला तर त्याचा पक्ष पंधरा दिवसांत त्याला माफ करू शकतो. नगरसेवकालाही एरवी ही सोय आहे, पण पदाच्या किंवा समितीच्या निवडणुकीत नाही. तिथे आधी परवानगी घेतली नसेल तर पक्षाने नंतर मनापासून ठरवलं तरी माफी देता येत नाही. उपनगराध्यक्षाची निवड म्हणजे नेमकी तशीच निवडणूक. आणि मत न देणं हेही व्हीप मोडणंच, त्यामुळे सलाइन लावून झोपलात तर समोरचा वकील त्याचा तोच अर्थ लावणार. देव न करो, पण खरंच आजारी पडलात तर सभेच्या आधी पक्षाकडून लेखी परवानगी घ्या. डॉक्टरांचा दाखला ही पक्षाची परवानगी नव्हे.

आता त्या आठ आकड्याबद्दल. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश, तेव्हा आठ हवेत हे गणित बरोबर आहे. मात्र आठ माणसं जमल्यावर मिळतं काय, हे तुम्हाला अर्धवट सांगितलं आहे. कायदा दोन तृतीयांशांना संरक्षण देतो ते विलीनीकरणासाठी, म्हणजे दुसऱ्या पक्षात जाण्यासाठी. ‘स्वतंत्र गट’ हे शब्द कायद्यात आहेत खरे, पण ते उलट्या बाजूच्या लोकांसाठी आहेत. मूळ पक्ष दुसरीकडे विलीन झाला आणि काहींना ते मान्य नसेल, तर त्यांना स्वतंत्र गट म्हणून राहता येतं. तुमचे सात जण कुठेही विलीन होत नाहीत, त्यांना याच पक्षात राहून वेगळी चूल मांडायची आहे. त्याला या कलमाचा आधार नाही. ते आठ झाले काय किंवा दहा झाले काय.

‘मग शिंदेंचं कसं चाललं?’ हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण २०२२ पासून माझ्याकडे येणारा प्रत्येक ग्रामपंचायत सदस्यसुद्धा तोच विचारतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदेंबरोबर होते. दोन तृतीयांश भरत होते, तरी ते कुठल्या पक्षात विलीन झाले नाहीत. आम्ही फुटलोच नाही, शिवसेना म्हणजे आम्हीच, असा त्यांचा दावा होता. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं, आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका फेटाळताना शिंदे गटालाच खरी शिवसेना मानलं. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही साधारण याच वाटेने निर्णय झाला. अध्यक्षांनी आमदारांच्या संख्येवर इतका भर दिला, तो मला पटलेला नाही, आणि त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. पण ते बाजूला ठेवू. तुमच्यासाठी महत्त्वाचं इतकंच की ती वाट संपूर्ण पक्षावर दावा सांगणाऱ्यांची होती. तुमच्या पत्रात कुठेही प्रदेशाध्यक्षांवरून वाद असल्याचं दिसत नाही. एका तालुक्यातले सात नगरसेवक ‘खरा पक्ष आम्हीच’ असं जिल्हाधिकाऱ्यांना सांगू लागले तर ते ऐकून घेतील, चहाही देतील, पण तेवढंच.

त्याच प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ११ मे २०२३ चा निकाल मात्र तुमच्या थेट कामाचा आहे. प्रतोद, म्हणजे व्हीप काढणारा माणूस, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आणि भरत गोगावले यांची प्रतोद म्हणून झालेली नेमणूक बेकायदा ठरवली. तुमच्या १९८६ च्या कायद्याचे शब्दही त्याच दिशेचे आहेत. आदेश द्यायचा तो राजकीय पक्षाने, किंवा पक्षाने त्यासाठी अधिकार दिलेल्या व्यक्तीने. गटनेता नगरसेवकांनी निवडलेला असला तरी पक्षाने त्याच्या मागे अधिकार ठेवला आहे का, हे पाहावंच लागेल. म्हणून दोन व्हीपपैकी कोणता आधी आला, कोणता व्हॉट्सॲपवर आणि कोणता दारावर, यात गुंतू नका. जिल्हाध्यक्षांना लेखी विचारा : प्रदेश कार्यालयाने हा आदेश काढण्याचा अधिकार तुम्हाला दिला आहे का, त्या पत्राची प्रत द्या. तेच गटनेत्यांना विचारा. ज्यांच्याकडे तो कागद असेल, त्यांचा व्हीप तुमच्यावर बंधनकारक. दोघांकडेही नसेल तर प्रदेशाध्यक्षांकडे थेट विचारणा करा आणि पोच ठेवा. कोणाचाच अधिकार सिद्ध झाला नाही तर उद्या तुमचा बचाव त्यावरच उभा राहील. नगरसेवकाला घरी पाठवणाऱ्या या तरतुदी दंडासारख्या आहेत, त्यांचा अर्थ काटेकोरपणे लावावा आणि कायदा व नियम तंतोतंत पाळल्याचं दाखवलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सदाशिव पाटील विरुद्ध विठ्ठल टेके या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात म्हटलं आहे.

आता सहीकडे येऊ, कारण मला खरी भीती तिची वाटते.

सातांचं पत्र आधीच गेलं आहे, आणि त्यांना मागची तारीख का हवी आहे ते समजून घ्या. उत्तर प्रदेशात २००३ साली बसपच्या तेरा आमदारांनी मुलायमसिंह यादवांना सरकार बनवायला बोलवा असं राज्यपालांना सांगितलं. नंतर आणखी आमदार मिळवून आकडा ३७ वर नेला, कारण १०९ पैकी एक तृतीयांश तेवढेच होत होते आणि तेव्हा एक तृतीयांशांची फूट चालत असे. (२००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली.) सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तेरांना अपात्र ठरवलं. ज्या दिवशी पक्ष सोडल्याची कृती झाली, त्या दिवशी आकडा होता का, एवढंच बघितलं. नंतर माणसं गोळा करून जुनी कृती धुऊन निघत नाही. तुमच्या सातांच्या वकिलाने हा निकाल वाचलेला दिसतो, त्याशिवाय मागच्या तारखेची गरज पडली नसती. म्हणजे तुमची सही तुम्हाला वाचवण्यासाठी मागितली जात नाही. त्यांचं पत्र गेलं त्या दिवशी आठ होते, असा देखावा उभा करायला ती हवी आहे. आणि खोट्या तारखेचा कागद सरकारी कार्यालयात गेला तर पद राहील की जाईल हा प्रश्न मागे पडतो, फौजदारी गुन्ह्याचा प्रश्न पुढे येतो.

ते सगळे उद्या खरोखर दुसऱ्या पक्षात जायचं म्हणाले तर? गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार आणि २०२२ मध्ये अकरापैकी आठ, तुमच्याइतकेच, भाजपमध्ये गेले. २०१९ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दोन तृतीयांश आमदारांचं विलीनीकरण पुरेसं मानलं. मूळ पक्ष विलीन न होता केवळ आमदार कसे विलीन होतात, यावर कायद्याच्या वर्तुळात अजून वाद आहे, पण ती वाट निदान आहे. मात्र आठही जणांनी मिळून जायला हवं. सात गेले, आठवा कोर्टात ‘माझी सही जबरदस्तीची’ म्हणाला, तर बाकीचे उघड्यावर. तुम्हाला अशा प्रवासाची इच्छा नसल्याचं पत्रावरून वाटलं, म्हणून लांबवत नाही.

कोरा कागद परत मागा, पण मिळेल या आशेवर बसू नका. आजच जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज द्या : माझ्या नावाचा कोणताही गटाचा, संमतीचा किंवा प्रतिज्ञापत्राचा कागद दाखल झाला असल्यास त्याची नक्कल द्यावी, कोऱ्या स्टँप पेपरवर घेतलेल्या माझ्या सहीचा वापर झाल्यास तो मला मान्य नाही, मी ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले त्याच पक्षात आहे. प्रत जिल्हाध्यक्षांना, दुसरी प्रदेश कार्यालयाला, सगळ्यांच्या पोचा सांभाळा. यात पळवून नेलं, डांबून ठेवलं असले शब्द खरे नसतील तर घालू नका. तुम्ही आपल्या पायांनी बसमध्ये चढलात हे दाखवणारे फोटो त्यांच्याकडे असणारच. फोटोंवरून आठवलं. पक्ष सोडला हे ठरवायला राजीनामा लागतोच असं नाही, वागण्यावरूनही ते ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक यांच्या गोव्यातल्या प्रकरणात सांगितलं. त्यात मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) दोन आमदारांची अपात्रता कायम राहिली, आणि विरोधी बाजूच्या लोकांबरोबर राज्यपालांकडे गेल्याचे वर्तमानपत्रांतले फोटोही पुराव्यात होते. तेव्हा सभेपर्यंत माजी आमदारांच्या व्यासपीठावर, पंगतीत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसू नका. हॉटेलातले फोटो कोणी स्टेटसला ठेवले असतील तर आताच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, ते कुठे कसे वापरले जातात ते नंतर कळेल.

गटाराच्या कामाबद्दल दोनच वाक्यं. नगरपरिषदेच्या कंत्राटात नगरसेविकेच्या नवऱ्याचा हितसंबंध असणं हे नगरपरिषद अधिनियमाखाली पद जाण्याचं वेगळं कारण आहे, पक्षांतराशी त्याचा संबंध नाही. आणि सहीच्या बदल्यात काम हे संभाषण फोनवर झालं असेल तर ते पुसू नका.

सभेच्या दिवशी अधिकारपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्या उमेदवाराला मत द्या. तो उमेदवार तुम्हाला मनापासून नको असेल, तर सभेआधी तटस्थ राहण्याची लेखी परवानगी मागता येते. बहुधा मिळणार नाही, मागायला हरकत नाही. तीही नाही आणि मतही द्यायचं नाही, असं ठरलं तर नगरसेवकपदाचा राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवणं एवढाच स्वच्छ मार्ग उरतो, आणि तो महाग आहे. अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालेल. तिथे शिवसेनेच्या याचिकांसारखा दीड वर्षाचा वेळ मिळेल असं धरून चालू नका.

यजमानांना सांगा की नोटीस येईल ती तुमच्या नावाने, तेव्हा सह्या तुम्हीच करायच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही तुम्हीच जायचं. त्यांनी गाडी चालवावी. येताना गटनोंदणीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेल्या यादीची नक्कलही मागून घ्या; गटनेता म्हणून तिथे कोणाचं नाव आहे आणि नंतर ते बदललं का, हे मला पाहायचं आहे.