पूर ओसरला, आता सगळ्यांना बोलतं करायचंच का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या वस्तीत पूर येऊन गेला त्याला तीन आठवडे झाले. मंडळातली पोरं म्हणतायत की एक काउन्सेलर बोलवू, सगळ्यांना गोल बसवू आणि प्रत्येकाने त्या रात्री काय काय पाहिलं ते सांगायचं, म्हणजे साठलेलं निघून जाईल. माझी जाऊ तर रडलीपण नाही, नुसती घर साफ करतेय. आतल्या आत कुढतेय का ती?

उत्तर : आधी जाऊबाईंचं बघू. रडल्या नाहीत म्हणजे आत काहीतरी दाबून ठेवलंय असं लगेच धरू नका. जॉर्ज बोनानो म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००४ मध्ये हेच मांडलं की एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर पुष्कळ लोकांची थोडे दिवस झोप उडते, दचकायला होतं, पण रोजची कामं ते करत राहतात, आणि यात आजार काही नाही, उलट सगळ्यात जास्त आढळतं ते हेच. महिना उलटल्यावरही भयानक स्वप्नं, पाण्याच्या आवाजानेसुद्धा घाबरणं, माणसं टाळणं, दारू वाढणं असं काही चालूच राहिलं तर डॉक्टरकडे न्या, आणि कोणी जीव द्यायची भाषा केली तर मात्र महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

आता ते गोल बसवणं. त्याला डीब्रीफिंग म्हणतात, १९८० च्या दशकात आग विझवणारे, ॲम्ब्युलन्सवाले अशांसाठी निघालं आणि मग जिथे तिथे पसरलं. पुढे चाचण्या झाल्या, कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळून बघणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये त्या सगळ्या एकत्र तपासल्या तर एका बैठकीच्या डीब्रीफिंगने पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडून राहणारा मानसिक आजार, टळतो असं काही दिसलं नाही, एका चाचणीत तर वर्षभराने ज्यांना डीब्रीफिंग दिलं होतं त्यांच्यातच तो जास्त निघाला! त्या चाचण्या एकेकट्या माणसांवरच्या होत्या हे खरं, पण म्हणून दहा जणांसमोर कोणाला बोलायला लावायची मुभा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत साधं सांगितलंय, बघा, ऐका, जोडून द्या. बोलायचंय त्याचं ऐका, नाही बोलायचं त्याला खोदू नका, त्याचं रेशन कार्ड वाहून गेलंय तर ते नवं काढून देणाऱ्या टेबलापर्यंत सोबत जा.

आणि खरं सांगू का, मंडळाने आधी डोकं घालायला हवं ते तात्पुरत्या घरांच्या यादीत. २६ फेब्रुवारी १९७२ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला कोळसा खाणीच्या कचऱ्याचा बांध फुटला, १२५ माणसं गेली, हजारो बेघर झाली. सरकारने त्यांना ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या तात्पुरत्या घरांत, ठेवलं पण शेजारी कोण होतं ते बघितलंच नाही, जिथे जागा मिळाली तिथे माणूस. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांशी बोलून दाखवलं की पुराचा घाव वेगळा आणि आपली माणसं आजूबाजूला न उरण्याचा घाव वेगळा. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात याचा जवळजवळ प्रयोगच झाला, काहींना सोडत काढून एकेकटं हलवलं, काहींना अख्ख्या वस्तीसकट. वस्तीसकट गेलेल्यांचं एकमेकांकडे येणंजाणं वाढलं, एकेकट्यांचं कमी झालं. तर तुमच्या गल्लीतली घरं एकाच रांगेत मिळावीत म्हणून आत्ताच अर्ज टाका, याद्या लागल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : मी एमएला आहे. आपत्तीनंतर पंधरा दिवसांत जाऊन पीटीएसडीचा सर्व्हे केला तर चालेल का?

उत्तर : पंधरा दिवसांत पीटीएसडी मोजताच येत नाही हो, लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली तरच ते निदान होतं. तेव्हा जे आकडे येतील ते ताज्या धक्क्याचे असतील आणि हेडलाइन मात्र 'अख्खं गाव आजारी' अशी होईल. दुसरी अडचण आधीच्या माहितीची. इवानुमात नशिबाने भूकंपाच्या सात महिने आधीच ज्येष्ठांचा सर्व्हे झालेला होता म्हणून तुलना जमली, तुमच्याकडे तसं काही नसेल तर 'आपत्तीमुळे झालं' असं लिहिताना हात आवरा. लोकांकडे जायच्या आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि कोणी मुलाखत मध्येच थांबवून उठायचं म्हणालं तर उठू द्या, फॉर्म अर्धा राहिला तरी राहू दे.