ग्वाल्हेरच्या ‘चिटनीस की गोठ’मधली गोठ म्हणजे गोठा का?

नाही, गोठ्याचा इथे काही संबंध नाही. तुम्ही विचारलंय की लष्कर भागातल्या या गल्लीत पूर्वी गुरं बांधायचे का, आणि तिचं मूळ नाव काय. माझं आजोळ याच गल्लीतलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ शब्द ‘गोट’. ‘शत्रूच्या गोटात’ म्हणतो ना, तोच. गोट म्हणजे तळ, एखाद्या सरदाराच्या किंवा कारभाऱ्याच्या माणसांची छावणी. साताऱ्यात ‘पंताचा गोट’ अजून शाबूत आहे. आमच्याकडे मात्र आजूबाजूला हिंदी. हिंदीत गोठ म्हणजे गुरांची जागा, म्हणून तोच ओळखीचा शब्द लोकांच्या जिभेवर बसला. ‘चिटणीसांचा गोट’ होता, त्याची ‘चिटनीस की गोठ’ झाली. पाटी बदलायला कुणी हुकूम काढला नाही, नाव बोलता बोलताच बदललं.

आता गल्लीला गोट का म्हणायचे? कारण अख्खं लष्करच मुळात छावणी होतं. दौलतराव शिंद्यांच्या आधी शिंद्यांचं मुख्य ठाणं उज्जैनला. दौलतरावांचा दरबार कित्येक वर्षं तंबूतूनच चालायचा. 1809 साली त्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रं छापलेली आहेत. मुक्काम हलला की बिनीवाले, म्हणजे आघाडीची तुकडी, पुढे जायचे, सरकारच्या डेऱ्यांची जागा निशाण रोवून ठरवायचे, मग बाजारांची निशाणं लागायची. म्हणजे गाव दर मुक्कामाला उठायचं आणि पुन्हा त्याच मांडणीनं बसायचं! 1810 मध्ये हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला तो उठलाच नाही. तंबूंचे वाडे झाले, गोटांच्या गल्ल्या झाल्या, आणि ‘लष्कर’ हेच शहराचं नाव पडलं.

हे कळलं की बाकीची नावंही उलगडतात. ‘फालका बाजार’ म्हणजे सरदार फाळक्यांचा. ‘महाडिक की गोठ’मध्ये महाडिकांचा गोट. आणि ‘कंपू’! आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो, पण तेव्हाच्या मराठी कागदांत कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ, महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून तयार करवून घेतल्या तशा पलटणींचा. ‘शिंदे की छावनी’ तर मला सगळ्यांत प्रिय. घराण्याचं नाव इंग्रजीतून फिरून ‘सिंधिया’ झालं, पण या वस्तीच्या नावात शिंदे तसेच राहिले.

आजी शेवटपर्यंत ‘गोटात जाऊन येते’ म्हणायची. तिच्या ट्रंकेत पुण्याहून आलेली पोस्टकार्डं आहेत. पत्ता निळ्या शाईत, ‘चिटणीसांचा गोट, लष्कर, ग्वाल्हेर’. एका कार्डावर ‘गोट’मधल्या ट वर कुणीतरी पेन्सिलीनं गाठ मारून त्याचा ठ केलाय. पोस्टात केला की घरातल्याच कुणी मुलानं, आजीला आठवत नव्हतं. पण कार्ड मात्र घरी बरोबर पोचलं होतं.

रिक्षावाल्याला ‘गोठ’च सांगा, त्याला तेच कळतं. पण मराठीत लिहाल तेव्हा कृपा करून ‘गोट’ लिहा.