हौशी सुतारकामातल्या वस्तू अर्धवट का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मडगावला नोकरी करता, घरामागच्या शेडमध्ये हौसेने सुतारकाम करता, आणि गेल्या चार वर्षांत एक पाट, एक पुस्तकांचं कपाट आणि आईसाठी करायला घेतलेला देव्हारा अशी तिन्ही कामं अर्ध्यावर पडून आहेत. घरचे म्हणतात, तुला चिकाटी नाही. खरंच तसं आहे का?

नाही. देव्हाऱ्याच्या चारही खांबांचे कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारी टोकं, तुम्ही हाताने कापलेत असं लिहिलंय. ज्याला चिकाटी नाही त्याच्याकडून एक कुसूसुद्धा सरळ निघत नाही. मी डिचोलीची. दिवसा शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी पडवीत लाकूडकाम करते. शेजारच्या मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, बसून हे काम शिकले. तिथे पाहिल्याचा आधार घेऊन सांगते, घोडं अडतं की नाही ते काम कुठे थांबवलं यावर ठरतं.

मेस्तांकडेही कामं मध्येच थांबतात. गिऱ्हाईक पैसे देत नाही, बिजागऱ्या आलेल्या नसतात, घरात लग्न निघतं. पण त्यांचा एक नेम कधी चुकत नाही. सांधे कापायला घेतले की चौकट जोडून होईपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. थांबायचं तर कापण्याआधी, नाहीतर जोडून झाल्यावर. आपण हौशी लोक नेमके मधल्या जागी थांबतो. भाग कापून, घासून, त्यावर पेन्सिलीने आकडे घालून भिंतीला टेकून ठेवतो आणि म्हणतो, आता जोडायचंच काय ते बाकी आहे, पुढच्या रविवारी बघू.

त्या रविवारपर्यंत लाकूड मात्र थांबत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकडात साधारण ११ टक्के पाणी उरतं. जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांना टेकते आणि उघड्या शेडमधल्या लाकडात हेच प्रमाण १७-१८ टक्क्यांच्या वर जातं. एक फूट रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकाने तीन-चार मिलिमीटर फुगते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा फरक रुंदीत आणि जाडीत. त्यातही वलयांच्या कडेने लाकूड जेवढं फुगतं, त्याच्या निम्म्यानेच ते गाभ्याकडून सालीकडे फुगतं. फळीला बाक येतो तो या असमानपणामुळे. जोडलेल्या चौकटीत शेजारचा तुकडा तिला धरून ठेवतो. सुट्या फळीला धरणारं कुणी नसतं.

म्हणजे मार्चमध्ये नेटका बसणारा कुसू ऑगस्टमध्ये भोकात शिरतच नाही, किंवा खांबाला एवढा पीळ आलेला असतो की चारही खांब एकदम जमिनीला टेकत नाहीत. मग माणूस हिरमुसतो, आणि पुन्हा ते भाग हातात घ्यायला त्याला धीर होत नाही. घरच्यांना यातला फक्त शेवटचा भाग दिसतो.

तुमचं लाकूड आजोळच्या मोडलेल्या घराचं आहे, म्हणून ते आता फुगणार-आकसणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. पुष्कळ जण असंच समजतात. जुनं लाकूड नव्यासारखं फाटत नाही हे खरं, पण हवेतलं पाणी ते घेतं आणि सोडतं, शंभर वर्षांनंतरही. शिवाय जुन्या वाशांत आणि फळ्यांत डोकं मोडलेले खिळे असतात. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्या, नाहीतर पात्याला खाच पडेल.

मग आपण जोडणीपाशीच का अडखळतो? माझ्या मते याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजण्यासारखी आहेत. पहिलं म्हणजे, तोपर्यंतची प्रत्येक गोष्ट सुधारता येते. जाड राहिलं तर रंधा मारा, सांधा घट्ट झाला तर पटाशीने पापुद्रा काढा. फेव्हिकॉल एकदा लावला की परतीची वाट नाही. दुसरं, जोडणीला सलग वेळ लागतो. कापणं, घासणं अर्ध्या अर्ध्या तासाने होतं. जोडताना मध्येच फोन घेता येत नाही. पांढरा फेव्हिकॉल लावल्यावर हातात साधारण दहा मिनिटं असतात, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तेवढीही नसतात, वर साय धरते. एवढ्या वेळात चार खांब, आठ आडव्या पट्ट्या आणि सगळे क्लॅम्प एकट्याने बसवायचे म्हटल्यावर छातीत धडधडणारच.

तर सगळं एकदम जोडूच नका. देव्हाऱ्याची डावी बाजू, म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यातल्या पट्ट्या, एका संध्याकाळी जोडा. उजवी दुसऱ्या संध्याकाळी. दोन्ही बाजू पक्क्या झाल्या की त्या तिसऱ्या दिवशी एकमेकींना जोडा. प्रत्येक वेळी आधी गम न लावता सगळं कोरडं बसवून क्लॅम्प आवळून बघायचं, कुठला क्लॅम्प कुठे लागतो ते तिथल्या तिथे ठरवायचं, लाकडाला वळ उठू नयेत म्हणून घ्यायचे तुकडे आधीच कापून ठेवायचे. मग गम लावून आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णावर तिरका क्लॅम्प घालून हळूहळू ओढा, गम ओला असेपर्यंत चौकट ऐकते. काटकोन तपासायचा गुण्या एका कोपऱ्यापुरतं सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचं सांगतात. हे मी वर्गातही सांगते, पण लाकडावर दाखवलं की पोरांना लगेच पटतं.

पाठीमागची रुंद फळी चिकटवायची नाही, हे मात्र विसरू नका. चौकटीच्या आत खाच काढून तिच्यात ती सुटी ठेवा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर जागा सोडा. पावसात तिला फुगायला वाव मिळाला नाही तर ती चौकटच उघडेल.

देव्हाऱ्याबद्दल आणखी एक विचारायचंय. शिखर कसं करायचं ते ठरलंय का? तुमच्या वर्णनात खांबांची मापं आहेत, कपाटाच्या फळ्यांची आहेत, पण शिखराबद्दल ‘नंतर बघू’ एवढंच आहे. न ठरलेली गोष्ट पुढे असली की हात आपोआप मंदावतो, आणि आपल्याला वाटतं आळस आला. मेस्त प्लायच्या तुकड्यावर खऱ्या मापात चित्र काढतात. कागदावरच्या छोट्या चित्रात शिखर सुंदर दिसतं, खऱ्या मापात काढलं की कळतं, ते दरवाजाच्या चौकटीला लागणार किंवा समईची ज्योत त्याच्या कडेखाली येणार. एक संध्याकाळ त्या चित्राला द्या. घुमटीसारखं शिखर जमणार नसेल तर साधं उतरतं छप्पर करा. आईला रोज पूजा करायला देव्हारा हवा आहे, ती कळस मोजत बसणार नाही.

आणि हो, आजोळचं लाकूड कापायला हात धजत नाही असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला वाटतं, तुमच्या कामातली सगळ्यात खोल अडचण हीच आहे आणि तिच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. आजोबांच्या माजघरातली फळी पुन्हा मिळणार नाही. म्हणून तोच सांधा आधी पॅकिंगच्या पेटीतल्या पाइनवर किंवा किंदळासारख्या दुसऱ्या लाकडाच्या तुकड्यावर पूर्ण करा, गम लावून, घासून, अगदी शेवटपर्यंत. हाताला एकदा शेवट माहीत झाला की चांगलं लाकूड घेताना तो थरथरत नाही. फळी शेडमध्ये जपून ठेवली तर तिला वाळवी लागू शकते, हाही हिशेब करा. जमिनीला टेकवून तर मुळीच ठेवू नका.

कपाटाचं कारण अगदी वेगळं आहे. ते उभं राहिलं, त्यात पुस्तकं गेली, काम तिथेच संपलं. वापरात आलेली वस्तू सहसा अर्धीच राहते, कारण तिची नड भागलेली असते. दरवाजे, मागची बाजू आणि पॉलिश राहिलं म्हणजे थोडंच राहिलं असं दिसतं. प्रत्यक्षात कपाटाच्या कामातला निम्मा वेळ त्यातच जातो. बिजागरी अर्धा मिलिमीटर खाली-वर झाली की दरवाजा लोंबतो. माझा सल्ला, दरवाजे करूच नका. उघडं कपाट म्हणून ते पूर्ण करा. पुस्तकं एकदा बाहेर काढा, पाठीला प्लाय मारा, पॉलिश करा, परत भरा. आपल्या दमट हवेत पुस्तकांना उघडं कपाट मानवतंही, बंद कपाटात बुरशी लवकर धरते. प्लाय भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट राहू द्या.

पाटाचं तर फक्त पॉलिशच राहिलंय, आणि ते तुम्ही जूनमध्ये सुरू केलंत. तिथेच गाडी अडली. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशमधलं स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, भर पावसाळ्यात हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश दुधाळ, धुरकट होतं. लाकूड खराब नाही, तुमचा हातही वाईट नाही. कोरड्या दिवशी, दुपारी, स्पिरिटात जेमतेम भिजवलेला कापडाचा बोळा हलक्या हाताने फिरवा, बहुतेक वेळा धुरकटपणा निघून जातो. नाही निघाला तर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून वरचा थर काढा आणि नव्याने करा.

म्हणून आपल्याकडे कामाचं वेळापत्रक पावसाप्रमाणे लावावं लागतं. दसरा झाला की कापायला घ्या, जानेवारीपर्यंत जोडून मोकळे व्हा, पॉलिश एप्रिलच्या आत. पावसाळ्यात हत्यारांना धार लावा, चित्रं काढा, सरावाचे सांधे करा. रंधा आणि पटाशी पुसून शिलाई मशीनचं तेल लावूनच पेटीत ठेवा. दिवसभराच्या नोकरीनंतर शेडमध्ये गेल्यावर पहिला अर्धा तास गंज घासण्यात गेला तर त्या दिवशी काम होत नाही, आणि पुढच्या दिवशी पाऊलच वळत नाही.

तारीखही हवी, आणि ती दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेली हवी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं टांगलेली लाकडी चौकट, बांधायची असते. ती अर्धवट राहिल्याचं मी आजवर एकाही घरात पाहिलेलं नाही. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं (पपनस), रानातली फळं, एवढा भार पेलायचा म्हणून तिचे सांधेही पक्के असतात. आईला सांगा की देव त्यात अमुक दिवशी बसवू. घरचे मग चिकाटीबद्दल बोलणार नाहीत, पुढचं सामान आणायला तुमच्याबरोबर येतील.

आता तुमच्या हातातल्या सुट्या भागांचं. खांबांना पीळ आलाय का ते आधी बघा. सपाट टेबलावर एकेक खांब ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा, डुगडुगला तर पीळ आहे. लगेच रंधा मारू नका. पाऊस सरल्यावर ते घरात, जिथे देव्हारा ठेवायचा त्याच खोलीत, खाली पट्ट्या घालून, चहूबाजूंनी हवा खेळेल असे दोन-तीन आठवडे ठेवा. थोडा पीळ आपसूक जातो. उरलेला चारही खांबांना सारखाच रंधा मारून काढा, खांब दीड इंचाचे सव्वा इंच झाले तरी देव्हाऱ्याला चालतं. कुसू सैल झाले असतील तर त्यांच्या गालांना, म्हणजे सपाट बाजूंना, त्याच सागवानाच्या पातळ चकत्या चिकटवा आणि वाळल्यावर पुन्हा मापात आणा. भोकाच्या कडेला तडा गेला असेल तर तेवढा एक खांब नवा करा, बाकीचे तीन वापरता येतील. आणि त्याच आठवड्यात डावी बाजू जोडून टाका.