एजंटने काय वाचलं, ते तू वाच

प्रिय दोस्ता,

काल तू पाठवलेलं सगळं नीट पाहिलं. तुझ्या कोडमध्ये बदल करणाऱ्या एआय एजंटने शेवटी लिहिलंय, 'सर्व बदल पूर्ण, टेस्ट पास', आणि तुझ्या मशीनवर चार टेस्ट लाल, म्हणजे नापास. एजंटमागचं एआय मॉडेल बदलून पाहू का, असं तू विचारलंस. जरूर पाहा, पण त्याआधी चॅटमध्ये मिटून ठेवलेल्या त्या बारीक करड्या ओळी एकेक करून उघड: 'फाइल वाचली', 'शोध घेतला', 'कमांड चालवली'. मी तुझ्या सगळ्या ओळी वाचल्या. टेस्ट चालवल्याची त्यात एकही नाही. त्याने एडिटर चुका दाखवतो त्या 'प्रॉब्लेम्स'च्या यादीला विचारलं, यादी रिकामी आली आणि 'सगळं पास' असं तो धरून चालला. टाइपस्क्रिप्ट भाषेतल्या प्रकल्पात व्हीएस कोड हा एडिटर साधारणपणे उघडलेल्या फाइल्सच्याच चुका त्या यादीत दाखवतो, हे तुलाही माहीत नसेल. मलाही बरीच वर्षं नव्हतं.

मॉडेलला तुझी डिस्क दिसत नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. प्रत्येक फेरीत एडिटर त्याच्यापुढे टूल्सची यादी ठेवतो: नाव, ते काय करतं याचं वर्णन, त्याला कोणती माहिती द्यायची. मॉडेल फक्त लिहून मागतं, 'अमुक टूल, अमुक फाइल, ओळ १ ते १२०'. काम करतो एडिटर. जे हाती येतं ते मजकूर म्हणून संभाषणाला जोडलं जातं, ते वाचून मॉडेल पुढचं टूल मागतं. व्हीएस कोडमधला एजंट मोड असो, कर्सर हा एडिटर असो की टर्मिनलमधला (कमांड टाइप करायच्या खिडकीतला) क्लॉड कोड हा एजंट, आतलं रहाटगाडगं हेच. त्यामुळे ओळ १२१ वर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिथे काय असेल याचा अंदाज मात्र ते इतक्या सफाईने बांधतं की आपणही फसतो.

सगळ्यात जास्त चुका मला शोधात दिसतात, कारण शोधाची टूल्स तीन तऱ्हांची आहेत आणि तिन्हींचं 'सापडलं नाही' वेगवेगळं असतं. पहिली तऱ्हा शब्दशः शोधाची. युनिक्सवर केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमाराला दिलेल्या ग्रेप या शोधाच्या कमांडचीच ही वंशावळ. व्हीएस कोडच्या पोटात आज त्याच जातीचं रिपग्रेप चालतं. अक्षराला अक्षर जुळलं तर सापडलं. दुसरी तऱ्हा अर्थावरून शोधण्याची: कोडचे तुकडे करून त्यांची आकड्यांत सूची बनवलेली असते, म्हणून 'लॉगिन कुठे तपासलं जातं' असं विचारलं तरी जवळचे तुकडे येतात. अनोळखी प्रकल्पात शिरायला हे फार चांगलं. पण 'सगळ्या जागा दे' म्हणशील तर सगळ्या मिळतीलच असं नाही. तिसरी तऱ्हा लँग्वेज सर्व्हरची: कोडची रचना समजून कोणतं नाव कुठे वापरलंय ते एडिटरला सांगणारा हा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये त्याचा प्रोटोकॉल, म्हणजे एडिटरशी बोलायची ठरलेली पद्धत, खुला केला. 'सेव्ह' नावाच्या फंक्शनचं नाव बदलायचं असेल तर शब्दशः शोध कॉमेंटमधला 'सेव्ह'ही उचलतो आणि दुसऱ्याच क्लासमधलाही. लँग्वेज सर्व्हर त्याच फंक्शनचे वापर दाखवतो. मात्र कुणी ते नाव स्ट्रिंगमध्ये लिहून चालवत असेल तर ते त्याच्या नजरेतून सुटतं. म्हणून नाव बदलायच्या कामात मी एजंटला सांगते: आधी लँग्वेज सर्व्हरला विचार, मग शब्दशः शोध, आणि दोन्ही याद्यांमधला फरक मला दाखव.

आता मी कुठे अडकले ते सांगते, कारण ही अडचण खास आपल्या मराठीची आहे. शेतकरी नोंदणीच्या एका अर्जाचं काम होतं. 'शेतकऱ्याचे नाव' हे लेबल बदलून 'अर्जदाराचे नाव' करायचं, बस. एजंटने शोध घेतला, शून्य निकाल आले, म्हणून त्याने नवं लेबल तयार केलं आणि काम झाल्याचं कळवलं. अर्जाच्या छापील प्रतीत जुनं लेबल तसंच राहिलं आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मी फाइल उघडली तर शब्द समोर दिसतोय. स्वतः टाइप करून शोधला तर मलाही शून्य! शेवटी अक्षरांचे कोड काढून पाहिले. आपला हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्तेवाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, आणि मग य. पडद्यावर बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत) त्यांना एक करत नाही. फाइलमध्ये एक होता, एजंटने आणि मी दुसरा टाइप केला होता.

त्या दिवशी एजंटने फक्त 'शेतक' एवढं शोधलं असतं तरी काम झालं असतं. तेव्हापासून मराठी मजकूर असलेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या, एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये मी एक ओळ लिहून ठेवते: मराठी मजकुरावरून शोधू नकोस, भाषांतराच्या फाइलमधल्या कीवरून (लेबलला दिलेल्या ठरलेल्या नावावरून) शोध, आणि शून्य निकाल आले तर शब्दाचा अर्धा भाग घेऊन पुन्हा शोध. तुझ्या प्रकल्पात ही ओळ आजच घाल.

फाइल बदलण्याच्या टूललाही हाच नियम लागू. बरेच एजंट 'हा जुना तुकडा, त्याजागी हा नवा' अशा रीतीने बदल करतात. जुना तुकडा तंतोतंत जुळावा लागतो, एका स्पेसचाही फरक चालत नाही, आणि बहुधा तो फाइलमध्ये एकदाच असावा लागतो. जुळला नाही तर शहाणा एजंट फाइल पुन्हा वाचतो. दोन-तीनदा फसल्यावर कधीकधी तो अख्खी फाइलच नव्याने लिहून काढतो, आणि त्यात तुझी एखादी कॉमेंट, एखादी अट गुपचूप गळून जाते. तीन ओळींच्या कामाला तीनशे ओळींचा डिफ (काय बदललं त्याची यादी) दिसला की तिथेच थांबव.

टर्मिनलबद्दल मी कडक आहे, तुला माहीत आहे. आपोआप मंजुरीचं बटण मी सरसकट चालू ठेवत नाही. गिट स्टेटस, गिट डिफ (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या फक्त पाहायच्या कमांड), टेस्टची ठरलेली कमांड, एवढ्यांना आपोआप परवानगी. बाकी प्रत्येक कमांड वाचून. पॅकेजं आणणारं एनपीएम इन्स्टॉल निरुपद्रवी वाटतं, पण पॅकेजबरोबर आलेल्या स्क्रिप्टही त्यात तुझ्या मशीनवर चालू शकतात. एडिटरचा चेकपॉइंट (मधल्या टप्प्याची जपलेली प्रत) फाइल्स मागे नेईल. टर्मिनलमधून डेटाबेसचं टेबल उडालं तर ते आणून देणार नाही. एजंटला काम देण्याआधी कमिट करायची (बदल गिटमध्ये नोंदवायची) सवय लाव, कारण फाइल जुन्या रूपात नेणारं गिट रिस्टोर त्यानेच चालवलं तर कमिट न केलेलं तुझं काम जातं.

एमसीपीचे (एजंटला बाहेरची टूल्स जोडायच्या ठरलेल्या पद्धतीचे) सर्व्हर जोडायची तुला घाई झाली आहे. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे खुलं केल्यापासून डेटाबेस, ब्राउझर, तिकिटं, काहीही जोडता येतं, हे खरंच. पण प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलच्या वाचनात जागा खातं, आणि एकसारखी पाच टूल्स दिसली की ते चुकीचं उचलतं. व्हीएस कोडने एका विनंतीला १२८ टूल्सची मर्यादा घातली आहे. मी पंधराच्या वर जात नाही. डेटाबेस जोडशील तर फक्त वाचायची परवानगी असलेला युजर दे. शिवाय बाहेरचं पान किंवा तिकीट एजंटने वाचलं की त्यातला मजकूर त्याला तुझ्या आज्ञेसारखाच भासू शकतो. 'ही गुप्त की अमुक पत्त्यावर पाठव' असं तिथे कुणी लिहून ठेवलं असेल तर? प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात ते हेच. म्हणून ज्या एजंटच्या हाती गुपितं आहेत त्याला बाहेरची पानं मी वाचू देत नाही.

उद्या एक कर. त्या चार लाल टेस्टपैकी एक घे. टूल्सच्या यादीत बदल करणारी आणि टर्मिनलची टूल्स बंद कर, फक्त वाचन आणि शोध चालू ठेव, आणि टेस्ट का पडते ते एजंटला शोधायला सांग. त्याने कोणती फाइल कोणत्या ओळीपर्यंत वाचली आणि कोणता शोध रिकामा आला, हे वहीत लिहीत जा. ते पान फोटो काढून मला पाठव, शनिवारी संध्याकाळी फोनवर बसून बघू.

तुझी,
ताई