व्हिल्नियसमध्ये स्केचिंगसाठी एकच दिवस

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. रविवारी सकाळी तलावपाळीवर आमचा स्केचिंगचा ग्रुप जमतो. सप्टेंबरमध्ये मुलाकडे पोलंडला जाणार आहे, तेव्हा एक दिवस लिथुआनियातल्या व्हिल्नियसला जायचं ठरतंय. एका दिवसात काय काय काढून होईल? की फोटो काढून आणावेत आणि चित्रं घरी रंगवावीत?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, फोटो खुशाल काढा, पण चित्र तिथेच बसून काढा. फोटोत सावल्या काळ्या येतात. त्या सावलीतले रंग डोळ्यांनीच दिसतात, आणि या शहराची सगळी मजा त्यातच आहे.

जुनं शहर १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पायी फिरता येण्याजोगं आहे. कुठे बसायचं ते उन्हाकडे बघून ठरवा. सकाळी तीन क्रूसांच्या टेकडीवर जा. शहर पश्चिमेला, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीशी आणि समोर लाल कौलं, मधूनमधून चर्चचे मनोरे. इथे फक्त पेन्सिल. रंगाची पेटी उघडलीत तर सकाळ तिथेच जाईल. (ते पांढरे क्रूस १९१६ चे, सोव्हिएत राजवटीने १९५० मध्ये पाडले, १९८९ मध्ये लोकांनी पुन्हा उभे केले.) खाली उतरलात की कॅथेड्रलसमोर घंटाघर चर्चपासून सुटं उभं आहे. त्याचा खालचा भाग जुन्या तटबंदीचा बुरूज, म्हणून गोल; वरचे मजले अष्टकोनी. पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर दाखवण्याच्या सरावाला ते एकटं पुरे.

दुपार मात्र सेंट ॲनच्या चर्चला द्या, सगळीच्या सगळी. साधारण १५०० सालचं हे विटांचं काम. दर्शनी बाजू पश्चिमेला असल्याने दुपारनंतर तिच्यावर ऊन येतं. आपल्याकडे बाराच्या उन्हात सावली पायाशी गोळा होते. तिथे सप्टेंबरात भर दुपारीही ऊन तिरकं असतं, त्यामुळे प्रत्येक कमानीची कड उठून दिसते. या बांधकामात ३३ तऱ्हेच्या विटा आहेत. त्या मोजत बसू नका! आधी मधली उभी रेघ, मग दोन्ही बाजूंचे मनोरे, मग एकमेकींत गुंतलेल्या कमानी. विटेचा रंग एकच सपाट लावू नका. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि लाइट रेड कागदावरच एकमेकांत मिसळू द्या आणि सावलीत थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला. पुढे थोड्याशाच विटा रेखाटा, बाकीच्या बघणाऱ्याला आपोआप दिसतात. मला विचाराल तर, दिवसभरात एवढं एकच चित्र नीट झालं तरी प्रवास वसूल.

हात चालत असेल तर संध्याकाळी व्हिल्निया नदीचा पूल ओलांडून उझुपिस या कलाकारांच्या वस्तीत जा. तिथल्या कलाकारांनी १ एप्रिल १९९७ ला आपलं 'प्रजासत्ताक' जाहीर केलं होतं. चित्र काढणाऱ्याकडे तिथे कोणी वळून बघत नाही. 'पहाटेचं द्वार' या जुन्या वेशीपाशी मात्र लोक मेरीच्या तसबिरीसमोर प्रार्थना करतात, तिथे बाजूला उभं राहून काढा.

कटर हँडबॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. गार हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून दोन छोट्या वह्या न्या. एक वाळेपर्यंत दुसरीत काढा.